चार चाकं तेहतीस इंची, स्टेपनी मात्र जुनीच

गाडी २०१७ ची टोयोटा टाकोमा, टीआरडी ऑफ-रोड, चार दारांची पिकअप. मालक माझा मित्र, मूळचा नगरचा, आता बरीच वर्षं कोलोरॅडोत. गाडी घेतल्यावर त्याने ती पुढून तीन इंच आणि मागून दोन इंच उचलून घेतली. मूळच्या १६ इंची डिस्क (टायर जिच्यावर चढतो ती धातूची रिम) काढून १७ इंची, साडेआठ इंच रुंदीच्या, शून्य ऑफसेटच्या, म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग रुंदीच्या बरोबर मध्यावर असलेल्या, डिस्क बसवल्या आणि त्यावर २८५/७० आर१७ मापाचे टायर चढवले. इकडच्या बोलीत हे ‘तेहतीस इंची’. काम चोख झालं होतं. वळवताना टायर कुठे घासत नव्हते, अलाइनमेंट सरळ होती.

हौद्याच्या खाली मात्र कंपनीतून आलेली स्टेपनी तशीच टांगलेली होती: २६५/७० आर१६, लोखंडी डिस्कवर. २०२२ च्या शरद ऋतूत युटातल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातल्या व्हाइट रिम रस्त्यावर जायचं ठरलं, तेव्हा पहिल्यांदा तिचा विषय निघाला. हा सुमारे शंभर मैलांचा कच्चा वळसा आहे. परवाना लागतो. जमिनीपासून उंच आणि लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) असलेली फोर बाय फोर गाडीच तिथे चालते. वाटेत पिण्याचं पाणी नाही, दुकान नाही, आणि बंद पडलेली गाडी ओढून आणायची तर बिल हजार डॉलर सहज ओलांडतं. मित्राचा प्रश्न साधा होता: आहे ती स्टेपनी चालेल का, नसेल तर कुठली घ्यायची?

वहिनींचा प्रश्न त्याहून रोखठोक होता. “भाऊजी, नुसता टांगून ठेवायला तीनशे डॉलरचा टायर कशाला?”

त्याचं उत्तर नीट द्यायचं तर आधी गणित मांडावं लागतं.

माप किती चुकतंय

२६५/७० आर१६ म्हणजे टायर २६५ मिलिमीटर रुंद, त्याची भिंत रुंदीच्या ७० टक्के उंच आणि डिस्क १६ इंची. दोन्ही बाजूंच्या भिंती धरून व्यास येतो ७७७ मिलिमीटर. २८५/७० आर१७ चा येतो ८३१. कागदावर फरक ५४ मिलिमीटरचा, म्हणजे दोन इंचांहून थोडा जास्त. परिघात हा फरक १७ सेंटीमीटर होतो. एका किलोमीटरला मोठं चाक ३८३ फेरे घेतं, लहान जवळपास ४१०.

कुणी म्हणेल, वळणावरही आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळे फेरे घेतात, त्यासाठीच तर डिफरन्शियल असतं. बरोबर आहे. पण वळण संपतं आणि त्यातले छोटे गिअर पुन्हा स्वस्थ होतात. लहान स्टेपनी लावली की सरळ हायवेवरही ते सतत एकमेकांवर फिरत राहतात. त्यांची घडण तशा अखंड फिरण्यासाठी नसते. शहरात पंक्चर झालं आणि पाच-दहा मैलांवरच्या टायरवाल्यापर्यंत हळू जायचं असेल, तर चालून जातं. तेवढ्यापुरती ती जुनी स्टेपनी कामाची होती, हे मी मित्राला सांगितलं.

खरी अडचण फोर बाय फोर लावल्यावर सुरू होते. टाकोमाची ही पद्धत पार्ट-टाइम आहे: ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढच्या चाकांनाही पोचवणारी गिअरची पेटी) लागला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरायला बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतं. पुढच्या एका बाजूला लहान टायर असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलचे सरासरी फेरे मागच्यापेक्षा साडेतीन टक्क्यांनी वाढतात. वाळूत किंवा खडीवर टायर थोडे सरकून तो ताण सोडून देतात. उघड्या खडकावर सरकायला जागा नसते. मग ताण शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो, स्टिअरिंग जड होतं, ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये परत यायला तयार होत नाही.

मागे लहान टायर लावून मागचा लॉकर चालू केला तर याहून वाईट. लॉकर दोन्ही चाकांना सारखेच फेरे घ्यायला लावतो. एकाचा परिघ १७ सेंटीमीटरने कमी, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला दोनपैकी एक टायर तेवढा फरफटत जाणार. आणि लॉकर बंद ठेवला तरी ट्रॅक्शन कंट्रोलला (चाक घसरलं की आपोआप आवरणारी यंत्रणा) ते लहान, जास्त जोरात फिरणारं चाक घसरतंय असं वाटू शकतं आणि तो त्याचा ब्रेक दाबू लागतो.

माझं म्हणणं इथेच येऊन थांबतं. गाडी उचलली ती फोर बाय फोर आणि लॉकरशिवाय जिथे जाता येत नाही तिथे जाण्यासाठी. टायर कापला जाण्याची भीतीही तिथेच सगळ्यात जास्त. जी स्टेपनी लावल्यावर नेमकी हीच दोन साधनं वापरता येत नाहीत, तिला त्या जागी स्टेपनी म्हणता येत नाही.

टायरची जन्मतारीख

स्टेपनी खाली उतरवली तेव्हा वरवर पाहता टायर कोरा होता. साच्यातून निघालेले रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. मित्र म्हणाला, “अरे, हा तर वापरलेलाच नाही.” मी बॅटरी घेऊन टायरच्या भिंतीवर डॉट अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक शोधला. शेवटचे चार आकडे होते ४११६: २०१६ सालचा ४१ वा आठवडा. म्हणजे टायर सहा वर्षांचा. नक्षीच्या खाचा बोटांनी फाकवल्या तर तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसत होत्या.

टांगून ठेवलेला टायर झिजत नाही, पण म्हातारा होतो. रबरात मिसळलेली मेणासारखी संरक्षक द्रव्यं टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतात; नुसत्या टांगलेल्या टायरमध्ये ते घडत नाही. त्यात खालून रस्त्याची धग, मीठ, चिखल. काही वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी टायर बदलायला सांगतात, आणि मिशलिनसारखी टायर कंपनी दहा वर्षं ही शेवटची हद्द मानते. स्टेपनीलाही हेच लागू. भारतातल्या वाचकांनी आपल्या गाडीच्या डिकीतला टायर एकदा याच नजरेने पाहावा. तिथेही बाजूवर आठवडा आणि साल असंच छापलेलं असतं.

म्हणजे मापाचा वाद बाजूला ठेवला तरी तो टायर जाणारच होता. राहिली डिस्क.

जुन्याच डिस्कवर मोठा टायर?

मित्राची कल्पना होती की लोखंडी डिस्क चांगली आहे, मूळची आहे, ब्रेकवर बसते हे ठाऊक आहे, तर तिच्यावरच उंच टायर चढवू. कल्पना वाईट नव्हती. १६ इंची डिस्कवर २८५/७५ आर१६ बसवला तर व्यास येतो ८३४ मिलिमीटर, आपल्या तेहतीस इंचीपेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर जास्त. इतका जवळचा मेळ क्वचित मिळतो आणि हे माप दुकानात सहज मिळतं. या टप्प्यावर बरेच जण निर्णय घेऊन मोकळे होतात.

पण त्याच्या डिस्कवर रुंदी कोरलेली होती सात इंच. या मापाच्या टायरला कंपनीच्या तक्त्यात कमीत कमी साडेसात इंचांची डिस्क लागते. अर्ध्या इंचाने काय होतं, असं वाटतं खरं. होतं असं की टायरची भिंत आत ओढली जाते, नक्षीचा मधला भाग फुगतो, आणि हवा कमी करून खडकावर चालवताना टायरची कड डिस्कवरून निसटायची शक्यता वाढते. हवा कमी करून चालवणं हा तर अशा वाटांवरचा रोजचा रिवाज आहे.

दुसरा अडथळा ऑफसेटचा. जुन्या डिस्कचा ऑफसेट अधिक ३० मिलिमीटर. हबच्या पृष्ठभागापासून टायर आत किती जातो, हे टायरची अर्धी रुंदी अधिक ऑफसेट एवढं धरावं. मूळ टायर आत जायचा १३२ अधिक ३०, म्हणजे १६२ मिलिमीटर. नव्या डिस्कवरचे तेहतीस इंची जातात फक्त १४२. आणि २८५ चा टायर जुन्या डिस्कवर चढवला तर १७२, मूळपेक्षाही एक सेंटीमीटर आत, आणि शिवाय उंच. पुढच्या चाकाला वरच्या कंट्रोल आर्मजवळ (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) ती एक सेंटीमीटर जागा मोलाची असते. मागे लावला तर चाललाही असता, पण स्टेपनी फक्त मागेच लागेल असं गृहीत धरून गाडी रानात नेऊ नये.

२५५/८५ आर१६ हा उंच आणि अरुंद टायर मात्र या डिस्कला शोभला असता. व्यास ८४० मिलिमीटर, म्हणजे एका टक्क्याच्या आसपास मोठा. सात इंची डिस्क त्याच्या तक्त्यात बसते. आत जाणं १५७ मिलिमीटर, मूळपेक्षा कमी. मला हा पर्याय मनापासून आवडला होता. पण हे माप मोजक्याच कंपन्या बनवतात, आमच्या भागात ते मागवावं लागलं असतं, आणि जे मिळत होते ते निव्वळ चिखलाचे, उभ्या-जाड नक्षीचे. आणि २६५/७५ आर१६? सहज मिळतो, स्वस्त आहे, सात इंची डिस्कवर बसतो. पण व्यास ८०४, म्हणजे अजूनही तीन टक्क्यांहून जास्त लहान. टू-व्हीलवर गावात पोचवेल. लॉकर लावायचा नाही. आम्ही जात होतो त्या जागी तो उपयोगाचा नव्हता.

मग काय घेतलं

मला पहिल्यापासून पाचवं चाक हुबेहूब तसंच हवं होतं: तोच टायर, तीच डिस्क. त्याचा मोठा फायदा असा की पाचही चाकं आलटूनपालटून फिरवता येतात. प्रत्येक टायर एकूण अंतराच्या चार पंचमांश भागच धावतो, त्यामुळे चारांचा संच पन्नास हजार मैल टिकत असेल तर पाचांचा साडेबासष्ट हजार टिकतो. नक्षी पाचांची सारखी राहते, आणि कुठलाही टायर न वापरता म्हातारा होत नाही. वहिनींना मी हेच सांगितलं: यातला बराचसा पैसा परत येतो, फक्त उशिरा येतो. नवे टायर चार न घेता सुरुवातीलाच पाच घ्यावेत, असं मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

पण इथे चार टायर आधीच धावलेले होते आणि मित्राच्या त्या डिस्कचं उत्पादन बंद झालेलं. एकटी डिस्क मिळेना. तेव्हा डोकं चाललं मित्राचं. टोयोटाचीच एफजे क्रूझर ही गाडी अमेरिकेत २०१४ पर्यंत विकली गेली. तिला १७ इंची, साडेसात इंच रुंदीच्या काळ्या लोखंडी डिस्क यायच्या. नटांचं वर्तुळ तेच, सहा नट १३९.७ मिलिमीटरवर. मधलं भोकही टोयोटाच्या हबच्याच मापाचं. ऑफसेट अधिक १५. २८५/७० आर१७ साठी किमान रुंदी साडेसात इंच, म्हणजे ती तक्त्यात बरोबर काठावर बसते. आत जाणं १५७, मूळपेक्षा पाच मिलिमीटर कमीच. जुन्या गाड्यांच्या भंगार-अंगणातून त्याने ती डिस्क आणली. वाकली नाहीये ना हे बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून पाहिलं, आणि इतर चार टायर ज्या कंपनीचे, ज्या नक्षीचे आणि ज्या लोड रेंजचे होते तसाच पाचवा नवा टायर तिच्यावर चढवला.

लोड रेंजचं सांगायला हवं. एकाच मापाचा टायर दोन ताकदींत येतो. त्याचे चारही टायर सी रेंजचे होते, लोड इंडेक्स ११६, म्हणजे एका टायरवर १२५० किलो. दुकानदार ई रेंजचा देत होता: इंडेक्स १२१, १४५० किलो. जास्त ताकदीचा चांगलाच की, असं वाटेल. पण त्याची भिंत कडक असते, तेवढ्याच हवेवर तो कमी दबतो. एका अ‍ॅक्सलवर एक मऊ आणि एक कडक टायर नको, म्हणून आम्ही सी साठी थांबलो. तुमचे चार ई असतील तर स्टेपनी सी ची घेऊ नका. ती चूक मात्र जास्त महागात पडू शकते.

धावलेल्या टायरांची नक्षी नऊ मिलिमीटर उरली होती, नव्याची बारा. व्यासात फरक सहा मिलिमीटरचा, एक टक्क्याच्याही आत. पार्ट-टाइम फोर बाय फोरला कच्च्या रस्त्यावर हे चालतं. सुबारूसारख्या कायम चारही चाकं चालवणाऱ्या गाडीला चालत नाही. तिथे कंपनी चारही टायरांच्या परिघातला फरक पाव इंचाच्या आत ठेवायला सांगते. तशी गाडी असणाऱ्यांनी आमचं उदाहरण गिरवू नये.

अंगणातली तालीम

स्टेपनी विकत घेतली म्हणजे काम झालं, असं मी मानत नाही. निघायच्या आधी एका शनिवारी आम्ही घरासमोरच मागचं उजवं चाक काढून स्टेपनी लावायची आणि परत टांगायची असा पूर्ण सराव केला. त्यात कळलेल्या गोष्टी कुठल्याही तक्त्यात सापडल्या नसत्या.

गाडीबरोबर आलेला जॅक मूळ उंचीसाठी होता. तो पूर्ण वर गेला तरी नवं चाक जमिनीपासून सुटेना. खाली जाड फळी आणि जॅकवर उंची वाढवणारा तुकडा, असं करून जमलं. ही फळी वाळूत जॅक रुतू नये म्हणूनही लागतेच. नव्या डिस्कचे नट बारीक, खाचांचे. त्यांना वेगळी किल्ली लागते आणि ती किल्ली होती घरातल्या हत्यारपेटीत. ती गाडीत आली. मग नटांची बैठक पाहिली. टोयोटाच्या मूळ अ‍ॅल्युमिनियम डिस्कचे नट सपाट वॉशरचे असतात. लोखंडी डिस्कला निमुळत्या बैठकीचे लागतात. खाचांचे नट निमुळते होते, पण अंगाने बारीक. म्हणून मी १२ मिलिमीटर, दीडच्या आट्याचे सहा साधे निमुळते नट वेगळ्या पिशवीत घालून स्टेपनीच्या नावाने ठेवायला लावले. आवळायचे ११३ न्यूटन-मीटरला, म्हणजे ८३ फूट-पाउंड. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा पाना लावून पाहायचा.

हौद्याखाली साखळीच्या रहाटावर तेहतीस इंची चाक जाईल का, ही मित्राची सगळ्यात मोठी धास्ती होती. गेलं, पण घट्ट. मागची कड बंपरच्या पट्टीला टेकत होती, म्हणून एकाने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने चाक पुढे रेटायचं असं करावं लागलं. डिस्कचं मधलं भोक टोयोटाचंच असल्याने रहाटाची ताटली त्यात नीट बसली; बाहेरच्या डिस्कमध्ये कित्येकदा ती बसत नाही आणि चाक लोंबकळत राहतं. सायलेन्सरचा पाईप टायरपासून लांब राहतोय ना तेही पाहिलं. साखळीला गंज धरला होता, ती ब्रशने घासून वंगण दिलं. गंजून अडकलेला रहाट म्हणजे चांगली स्टेपनी असून नसल्यासारखी.

हवा आम्ही भरपूर भरून ठेवली. वाटेवर कमी करायला मिनिट लागतं, भरायला कॉम्प्रेसर आणि वेळ.

व्हाइट रिमवर

शेफर ट्रेलची वळणं उतरून आम्ही खाली आलो आणि पहिला दिवस निर्विघ्न गेला. दुसऱ्या दिवशी गूजबेरी या मुक्कामाच्या जागेच्या पुढे पांढऱ्या खडकाच्या पायऱ्यांवरून जाताना मागच्या उजव्या टायरची भिंत एका धारदार कडेवर कापली गेली. नक्षीत खिळा गेला असता तर रबराची वात घालून काम भागलं असतं. वाटेवरची बरीच पंक्चर तशीच निघतात. भिंतीवरच्या बोटभर चिरेला मात्र इलाज नाही, आणि स्टेपनी खरी लागते ती यासाठी.

चाक बदलायला फारसा वेळ लागला नाही, कारण हात सरावलेले होते. डॅशबोर्डवर हवेच्या दाबाचा दिवा लागला, कारण नव्या डिस्कमध्ये सेन्सर बसवला नव्हता. त्याकडे दुर्लक्ष केलं. पुढे मर्फी हॉगबॅकची चढण होती. तिथे मित्राने लो रेंज टाकली, लॉकर लावला आणि एका दमात गाडी वर काढली. ७७७ मिलिमीटरची जुनी स्टेपनी लावलेली असती तर त्या चढणीवर लॉकर न लावता झटापट करावी लागली असती, नाहीतर आलेल्या वाटेने परत फिरावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी हार्डस्क्रॅबलची चढणही तशीच पार झाली.

परतल्यावर कापलेल्या टायरच्या जागी त्याच मापाचा, त्याच रेंजचा नवा टायर त्याच्याच १७ इंची डिस्कवर बसवला. आता गाडीकडे दोन ताजे आणि तीन धावलेले टायर होते. स्टेपनीचा टायर लोखंडी डिस्कवरून उतरवून इतर चाकांसारख्या डिस्कवर घेतला आणि दोन्ही ताजे टायर मागच्या अ‍ॅक्सलवर लावले, म्हणजे लॉकरला दोन्हीकडे सारखा परिघ. धावलेल्या तिघांतले दोन पुढे गेले आणि सगळ्यात चांगला तिसरा लोखंडी डिस्कवर, हौद्याखाली. मजुरी थोडी जास्त लागली, तेवढंच.

भारतात गाडी उचलण्याचा मामला वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, कंपनीने प्रमाणित केलेल्या रचनेत फेरफार करणं अडचणीचं ठरतं. पण हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या पिकअपला एक माप मोठे टायर घालून स्टेपनी जुनीच ठेवणारे तिकडेही आहेत. त्यांनी दोन्ही टायरांच्या बाजूवरचे आकडे घेऊन व्यास काढावा. रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक डिस्कचे इंच गुणिले २५.४. फरक एक-दीड टक्क्याच्या पुढे गेला, तर ती स्टेपनी लावून फोर बाय फोर लावायचं नाही, आणि लॉकर तर नाहीच.